कापसाखालचा श्वास

भागाबाईचं प्रेत धुळ्याला आलं तेव्हा तिच्या पांढऱ्या केसांत इतका कापूस गुंतलेला होता की केस कुठले आणि कापूस कुठला हे चटकन कळत नव्हतं. शिंदखेड्याजवळच्या एका लहानशा गावातून तिला जीपमध्ये घालून आणलं होतं. सोबत हवालदार भाईदास होता, गावातली चार माणसं होती, आणि मागून मोटरसायकलवर तिचा धाकटा भाऊ प्रेमराज आला होता. तो अमळनेरकडचा. बहीण गेल्याचा फोन आला तसा काल शेतातून तडक निघालेला, पायाला माती अजून तशीच.

डॉक्टर मृणाली बिऱ्हाडे शवागाराच्या पायरीवर उभी राहून हे बघत होती. या पायरीवर उभं राहण्याची तिला इतकी सवय झाली होती की माणसं गाडीतून कशी उतरतात यावरून घरात काय झालं असेल याचा अंदाज तिला यायचा. रडणारी माणसं वेगळी, भांडणारी वेगळी. आणि काही माणसं नुसतीच तिच्या तोंडाकडे बघत राहायची, जणू मेलेल्याला ती परत उठवणार आहे. प्रेमराज तसा बघत होता.

न्यायवैद्यकात बरीच वर्षं काढली होती तिनं. श्वास कोंडून मेलेली माणसं तर तिच्या वाट्याला रोजचीच. फास घेतलेली, तापीत बुडालेली, पाण्याची मोटार काढायला जुन्या विहिरीत उतरली आणि खालच्या कोंदट हवेनं तिथंच बसली अशी. सुरुवातीला ती घरी जाऊन पुस्तकं उघडायची. आता घरी गेल्यावर पाय लांब करून नुसती बसायची, आणि तो थकवा झोपेनं जाणाऱ्यातला राहिला नव्हता.

भाईदासनं हकिगत सांगितली. भागाबाई विधवा. मुलगा किरण सुरतेला साडीच्या कारखान्यात. घरात सासू आणि सून सविता, दोघीच. भाव नाही म्हणून औंदाचा कापूस घरातच ठेवलेला, पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली. काल दुपारी सविता ओरडत अंगणात आली की म्हातारी ढिगाखाली गेली. शेजारचा लोटन धावला. दोघांनी हातानं कापूस उपसला, पण बाहेर काढली तोवर संपलं होतं. सासूसुनेचं पटत नव्हतं हे अख्ख्या गावाला ठाऊक. मग गावानं आपल्या परीनं दोन अधिक दोन करून टाकलं.

प्रेमराज पुढे आला. आवाज चढवला नाही त्यानं, उलट अगदी हळू बोलला.

"मन्ही बहीणले तिनी मारं, डॉक्टरबाई. तोंड दाबं नि वरथून कापूस लोटी दिधा. बठ्ठा गाव म्हणस. तुम्ही लिखा."

मृणालीला अहिराणी चांगली कळायची. तिनं सांगितलं की शरीर जे दाखवेल ते लिहीन, गाव म्हणेल ते नाही. हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की ते तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. प्रेमराज भिंतीला टेकून खाली बसला.

आत शवागारातल्या मदतनिसानं, अभिमननं, दिवे लावले. भागाबाई ठेंगणी, वाळक्या अंगाची होती. हातांना जन्मभराच्या कामाचे घट्टे. चेहरा निळसर पडलेला, नखंही तशीच. पापण्या उलटून पाहिल्या तर आत रक्ताचे बारीक ठिपके. मृणालीनं ते टिपून घेतलं, पण तिचं त्यात मन नव्हतं. ही लक्षणं श्वास कोंडला एवढं सांगतात. कुणी कोंडला, की आपोआप कोंडला, हे सांगत नाहीत. म्हाताऱ्या, अशक्त माणसाचं तोंड उशीनं दाबलं तर बऱ्याचदा अंगावर ओरखडाही उठत नाही. म्हणून अशी प्रेतं तिला नको वाटायची. गळफासाचा निदान वळ तरी असतो.

मानेवर काही नव्हतं. दंडांवर पकडल्याच्या खुणा नव्हत्या. मग तिनं ओठ उलटून पाहिला आणि थांबली. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक लहानशी जखम होती, ताजी. नेमक्या समोरच्या एकुलत्या एका उरलेल्या दातावर ओठ दाबला गेला होता.

अभिमननं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यालाही कळत होतं. तोंडावर तळहात दाबला की ओठ दातावर चिरडतो.

पण अंगावर जड काही पडलं तरी तेच होतं. तिनं पुढं काम सुरू केलं. नाकपुड्यांत कापूस होता, तोंडात होता, त्यात नवल नव्हतं. मेलेल्या माणसाला कापसात पुरलं तरी नाकातोंडात कापूस जाईलच. खरा प्रश्न त्याच्या खाली होता. तिनं श्वासनळी उघडली. फेसकट चिकट द्रवात पांढरे तंतू होते. नळीला फाटे फुटतात तिथं होते. त्याच्याही खाली, फुप्फुसात शिरणाऱ्या बारीक शाखांत, तंतूंच्या गुंडाळ्या बसलेल्या होत्या. मेलेलं माणूस श्वास घेत नाही. इतक्या खोल कापूस पोचला तो भागाबाईनं स्वतः ओढून घेतला म्हणून. कापसाखाली गेली तेव्हा ती जिवंत होती, आणि चांगले जोरजोरात श्वास घेत होती.

म्हणजे आधी मारून मग पुरलं ही गावाची गोष्ट खोटी ठरली. पण अर्धीच. तोंड दाबून अर्धमेली करून ढकलली असेल तर? ढिगाखाली असताना वरून कुणी दाबून धरलं असेल तर? शरीर याच्यापुढं बोलत नव्हतं.

विषाच्या तपासणीसाठी नमुने काढून ठेवले आणि मत राखून ठेवलं. भाईदासला सांगितलं की त्या खोलीला कुलूप लावा, कापसाला कुणी हात लावू नका, उद्या मी येऊन बघते. तो म्हणाला, बाई, एवढ्यासाठी तुम्ही कशाला येता, श्वास कोंडून मृत्यू एवढं लिहिलं तरी आमचं भागतं. त्याचं खरं होतं. तेवढं लिहून ती मोकळी होऊ शकत होती. बाकीचं पोलिसांनी बघावं, कोर्टानं बघावं. पण मग सविता तिथं कोठडीत बसेल आणि वर्षानुवर्षं तारखा पडतील, हेही तिनं पाहिलेलं होतं. तिनं भाईदासला सकाळी गाडी आणायला सांगितलं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई, लिलाबाई, खुर्चीत बसून पेपर वाचत होती. नाकाला प्राणवायूची नळी, बाजूला यंत्राची घरघर. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई वाचली, पण फुप्फुसं अर्धी तिथंच ठेवून आली. बोदवडच्या शाळेत एके काळी दोन वर्गांना एका दमात ओरडून गप्प करणारी ही बाई आता स्वयंपाकघरापर्यंत चालली तरी भिंत धरायची. मृणालीनं तिला बोदवडहून धुळ्याला आणली त्यालाही काही वर्षं झाली.

जेवण करून आई लवकर आडवी झाली. झोपेत ती कण्हायची. पहिल्या वर्षी त्या आवाजासरशी मृणाली धावत जायची, बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजायची. मग रोजचं झालं. आता ती आधी कान द्यायची, आणि दुसऱ्यांदा आवाज आला तरच उठायची. त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती. आई कण्हली. मृणाली नळ बंद न करता तशीच उभी राहिली. दुसरा आवाज आला नाही. तिनं पुढचं भांडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईदास जीप घेऊन आला. गावात शिरल्यावर रस्त्याकडेला माणसं उभी होती. भागाबाईच्या घरापुढं मात्र कुणी नव्हतं. मयत झालेल्या घरात बायका येऊन बसतात, शेजारपाजारचे डबे येतात. इथं ओट्यावर एकटी सविता बसली होती. तिशीची असेल. पोलिसांनी आदल्या दिवशी तिला दिवसभर बसवून ठेवलं आणि मग घरी सोडलं होतं, सोबत एक महिला शिपाई. किरण सुरतेहून पोचला होता, पण तो मामाजवळ, म्हणजे प्रेमराजजवळ, पारावर बसून होता. आपल्या घराकडं फिरकला नव्हता.

भाईदासनं कुलूप काढलं. खोलीत सरकीचा वास भरून राहिला होता. कापूस आढ्याला टेकलेला, भरताना पायांनी तुडवून तुडवून बसवलेला. मृणालीनं हात खुपसून पाहिला. वरून मऊ, आत दगडासारखा घट्ट. दारासमोरचा भाग सविता आणि लोटननं उपसून म्हातारीला त्या बाजूनं ओढून काढलं होतं, पण डावीकडं एक कोपरा तसाच होता. तिथं ढिगाच्या पायथ्याला एक खळगा दिसत होता, माणूस कुशीवर झोपेल एवढा. खळग्याचं अर्धं छत अजून लोंबत होतं. उरलेलं अर्धं तुटून खाली आलेलं. तुटल्याची रेघ वरपर्यंत स्पष्ट दिसत होती.

लोटनला बोलावलं. तो म्हणाला, म्हातारीची कंबर धरायची. थंडी सुरू झाली तशी ती दुपारी कापसात निजायची, ऊब लागते म्हणून. रोज थोडा थोडा कापूस ओढून जागा मोठी करायची. सविता तिला ओरडायची, बाई ढीग अंगावर येईल. त्यावरूनच दोघींची भांडणं व्हायची. हे त्यानं पोलिसांना का सांगितलं नाही असं मृणालीनं विचारलं. लोटन म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही.

मग भाईदासनं आणि तिनं मिळून पडलेला कापूस हळूहळू बाजूला केला. खाली गोधडी निघाली, नीट पसरलेली. गोधडीच्या पायाशी चपला जोडीनं काढून ठेवलेल्या. उशाकडच्या भिंतीत कोनाडा होता. त्यात चष्मा घडी घालून ठेवलेला, आणि त्याच्यावर पदराचं टोक फाडून केलेला रुमाल, काचेवर धूळ बसू नये म्हणून.

भाईदास बराच वेळ त्या चष्म्याकडं बघत उभा राहिला. ढकललेली बाई चष्मा घडी घालून ठेवत नाही, एवढं कळायला डॉक्टर लागत नव्हता. मृणालीनं फोटो घेतले, पंचांना बोलावून दाखवलं, खळग्याचं माप घेतलं. कुशीवर निजलेल्या माणसावर ही छताची थप्पी पडली तर तोंड आधी दाबलं जाणार आणि ओठ दातावर येणार, हेही तिनं स्वतः गोधडीवर आडवं होऊन पाहिलं. उठताना तिच्या गुडघ्यांनी कुरकुर केली.

बाहेर आल्यावर ती ओट्यावर सवितेशेजारी बसली. महिला शिपाई पाणी आणायला गेली. खरं तर बोलायची गरज नव्हती, आणि बोलू नये असाच रिवाज होता. तरी ती म्हणाली, "तुम्ही त्यांना मारलेलं नाही. तसं मी लिहिणार आहे."

सवितेच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काही दिसलं नाही. तिच्या बोटांची नखं कापूस उपसताना तुटली होती, त्यांना हळद लावलेली. ती त्या नखांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आवाज उना व्हता, बाई."

कसला आवाज आला होता, असं मृणालीनं विचारलं.

सविता सांगत गेली. पहाटेपासून ती दुसऱ्याच्या शेतात वेचणीला गेली होती. दुपारी परत येऊन मागच्या दारात बाजरी निवडत बसली. डोळे मिटत होते. पुढच्या खोलीतून आवाज आला, दबका, कण्हल्यासारखा. सासू झोपेत रोज कण्हायची. कधी कधी मुद्दाम कण्हायची, सुनेनं येऊन कंबर चेपावी म्हणून. सवितेनं ऐकलं आणि बाजरी निवडत राहिली. सुपातली सगळी संपली, तेव्हा चहा विचारायला गेली. तर खळग्याचं तोंड कापसानं बुजलेलं.

"मी उठनी नही," ती म्हणाली. "मी उठती ते ती वाचती का?"

असा प्रश्न मृणालीला बऱ्याच जणांनी विचारला होता. तिच्याकडं त्याची ठरलेली उत्तरं होती. काही सेकंदांत शुद्ध हरपते, त्यांना काही कळलंच नसेल, तुमच्या हातात काही नव्हतं. माणसं ती उत्तरं घेऊन जायची आणि तिला पुढचं काम करता यायचं. इथंही तसं म्हणता आलं असतं. पण फुप्फुसाच्या बारीक शाखांत बसलेल्या त्या गुंडाळ्या तिनं स्वतः पाहिल्या होत्या. भागाबाई लगेच गेली नव्हती. आणि समोरच्या बाईला खोटं कळलं असतं.

"उठला असतात तर कदाचित वाचल्या असत्या," ती म्हणाली. "नक्की नाही सांगता येत. पण रोज कण्हणाऱ्या माणसासाठी रोज कुणी उठत नाही, सविता. माझी आई कण्हते. मीही दर वेळी उठत नाही."

सवितेनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. मग गुडघ्यांत तोंड घालून ती रडायला लागली. दोन दिवसांत ती रडली नव्हती असं महिला शिपाईनं नंतर सांगितलं, आणि न रडणं हाही गावानं तिच्या विरुद्धचा पुरावा धरला होता.

मृणाली तिथंच बसून राहिली. पारावरून प्रेमराज आणि किरण दोघंही इकडं बघत होते.

परतीच्या वाटेवर भाईदास बोलत होता, ती ऐकत नव्हती. सवितेनं सांगितलेलं लिहायचं की नाही हा विचार तिनं फार केला नाही. ती बाई उठली नाही हा गुन्हा नव्हता, आणि शरीरावर तो कुठंही दिसत नव्हता. अहवालात तिनं लिहिलं: कापसाचा ढीग अंगावर कोसळून नाकतोंड बंद होऊन आणि कापसाचे तंतू श्वसनमार्गात जाऊन, श्वास कोंडल्यानं मृत्यू. ओठाची जखम ढिगाच्या दाबानं होऊ शकते. घटनास्थळ अपघाताशी जुळतं. सही करून तिनं कागद पुढं पाठवला.

चार-पाच दिवसांनी प्रेमराज धुळ्याला आला. एकटाच. आज तो अंघोळ करून, टोपी घालून आला होता. मृणालीनं त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. अहवाल त्याला कुणीतरी वाचून दाखवला होता, पण त्याला तो तिच्या तोंडून ऐकायचा होता. तिनं सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. श्वासनळीतल्या तंतूंचं सांगितलं, गोधडीचं, चपलांचं, चष्म्याचं. चष्म्यावर रुमाल झाकला होता हे ऐकल्यावर तो बसला.

"तशीच व्हती ती," तो म्हणाला. "बारीक पोर व्हती तैपासून. वस्तूले भारी जपे."

मग त्यानं विचारलं की तिला त्रास झाला का. मृणाली म्हणाली, "झाला, नाना. थोडा वेळ झाला." त्यानं मान हलवली. खोटं ऐकायला तो आला नव्हता.

जरा वेळानं तो म्हणाला की सविता अमळनेरला त्याच्या घरी येऊन गेली. कुणी बोलावलं नव्हतं. किरणलाही न सांगता एसटीनं आली, त्याच्या बायकोच्या समोर उभी राहिली आणि आवाज आल्याचं, न उठल्याचं सगळं सांगून टाकलं. तो तेव्हा तिला काहीच बोलला नाही. बायकोनं पाणी दिलं, ते पिऊन ती गेली.

"तिनी सांगं नसतं ते माले कळतं का?" त्यानं विचारलं.

"नसतं कळलं," मृणाली म्हणाली.

"मंग कसाले सांगं तिनी?"

प्रेमराजनं उत्तराची वाट पाहिली नाही. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "राग येस माले. पण कोनावर करू?" आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर एक रुग्णवाहिका मागे घेत होते, तिचा टिटी आवाज चालू होता. तो आवाज थांबल्यावर प्रेमराज उठला, अमळनेरची गाडी कुठून सुटते ते विचारलं आणि गेला.

पुढचं तिला भाईदासकडून कळलं. काही आठवड्यांनी तो दुसरं एक प्रेत घेऊन आला, विहिरीतलं. कागद होईपर्यंत शवागाराच्या बाहेर उभं राहून त्यानं सांगितलं. भागाबाईच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या जेवणाला, गावातलं कुणी जायला तयार नव्हतं. अहवाल आला तरी लोकांचं मन फिरलं नव्हतं, डॉक्टरला काय कळतं म्हणायचे. मंडप घातला, पंगत मांडली आणि पानं रिकामी. किरणनं बायकोकडं बघायचं टाळलेलं. तेव्हा प्रेमराज आला. भाचा सामोरा गेला तर त्याला बाजूला सारून सरळ पंगतीत जाऊन बसला, आणि म्हणाला, वाढ. सवितेनं वाढलं. तो मुकाट्यानं जेवला, दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं, हात धुतला आणि कुणाशी न बोलता निघाला. मयताचा सख्खा भाऊ तिच्या हातचं जेवला म्हटल्यावर गावानं काय करायचं? एकेक जण येऊन बसला.

"आता कशी आहे ती?" मृणालीनं विचारलं.

भाईदासनं खांदे उडवले. किरणनं कापूस विकला, खोली रिकामी केली. तिला सुरतेला ये म्हणाला, ती गेली नाही. वेचणीला जाते. बायका बोलतात तिच्याशी, पहिल्यासारख्या नाही, पण बोलतात. प्रेमराजची बायको एकदा येऊन राहून गेली.

मृणाली "बरं" म्हणाली. आतून अभिमननं हाक मारली. तिनं हातमोजे चढवले आणि विहिरीतला माणूस कोण, कुठला, शेवटचं त्याला कुणी पाहिलं, हे भाईदासला विचारत ती आत गेली.